स्लाव: दिवसाचं गाव, रात्रीचं गाव आणि कौन्सिलची तिजोरी

पुण्याच्या एका बाईंनी विचारलंय: नवऱ्याची लंडनला बदली झालीय, ऑफिस पॅडिंग्टनजवळ आहे. कंपनीतले सगळे म्हणतात लंडनच्या पश्चिमेला स्लाव म्हणून गाव आहे, तिथे घर बघा. पण वाचायला गेलं तर एकीकडे लिहिलंय की दरडोई उत्पादनात स्लाव ब्रिटनमधल्या वरच्या गावांत मोडतं, दुसरीकडे लिहिलंय की तिथे दाटीवाटी आणि गरिबी आहे, तिसरीकडे तर कौन्सिलच, म्हणजे तिथली नगरपालिकाच, दिवाळखोर. यातलं खरं काय मानायचं?

तिन्ही खरं माना. फक्त हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या मंडळींबद्दल आहेत, आणि छापताना ते एकाच नावाखाली छापले जातात. वीसेक वर्षं मी हेच काम करतोय. इंग्लंडमधल्या कौन्सिलांसाठी त्यांच्या हद्दीतली माणसं, नोकऱ्या आणि घरं यांचे आकडे गोळा करायचे आणि नगरसेवक मिटिंगला येता येता वाचतील अशा चार पानांत बसवायचे. त्या चार पानांना इथे ‘प्रोफाइल’ म्हणतात. त्या आधी मी स्वतः स्लावमध्ये भाड्याने राहिलोय, त्यामुळे थोडा जिव्हाळाही आहे, तो वाचताना वजा करा.

आधी हद्द. उच्चार ‘स्लाव’, ‘स्लफ’ नाही. पहिल्याच दिवशी ‘स्लफचं तिकीट’ मागणारे पुष्कळ असतात, मीही त्यातलाच. १९७४ पर्यंत हे गाव बकिंगहॅमशायरमध्ये होतं, मग बर्कशायरमध्ये आलं. १९९८ मध्ये बर्कशायरची काउंटी कौन्सिलच बरखास्त झाली आणि जिल्ह्याची सहा स्वतंत्र कौन्सिलं झाली. त्यातलं एक स्लाव. शाळा, रस्ते, कचरा, वृद्धांची देखभाल, सगळं एकाच कौन्सिलकडे. क्षेत्रफळ जेमतेम ३२.५ चौरस किलोमीटर. शेजारच्या विंडसर आणि मेडनहेडची लोकसंख्या जवळजवळ एवढीच, १,५३,५००, पण जमीन सहापट. स्लावला हातपाय पसरायला जागाच नाही, आणि पुढच्या निम्म्या भानगडी यातूनच निघतात.

घर शोधताना एक गोष्ट हमखास फसवते, ती म्हणजे पिनकोड. एसएल हा पोस्टाचा विभाग स्लावच्या नावाने आहे, पण त्यात विंडसर येतं, मेडनहेड येतं, मार्लो येतं. एसएल १, २ आणि ३ मध्ये बरंचसं स्लाव आहे, तरी या तिन्हींचे काही तुकडे शेजारच्या बकिंगहॅमशायरमध्ये पडतात. घराच्या जाहिरातीत ‘स्लाव’ लिहिलंय म्हणून कौन्सिल स्लावचंच असेल असं धरू नका. पत्ता सरकारी साइटवर घालून कोणतं कौन्सिल आहे ते आधी बघा, मग टॅक्स आणि शाळांचा विचार करा.

आता रात्रीचं गाव, म्हणजे तिथे झोपणारी माणसं. २००१ च्या जनगणनेत १,१९,१००, २०११ ला १,४०,२००, २०२१ ला १,५८,५००. शेवटच्या दहा वर्षांतली वाढ १३ टक्के, आणि त्याच काळात इंग्लंडची ६.६ टक्के. यातला पहिला आकडा मात्र मी कधीच पूर्ण मानला नाही, कारण त्यात मी नाही. एप्रिल २००१ मध्ये आम्ही सातजण तीन बेडरूमच्या एका घरात राहत होतो. हॉलमध्ये गादी टाकून दोघं. जनगणनेचा फॉर्म आला तेव्हा घरमालकाने तो दारातच उचलला, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उभ्याउभ्या तीन नावं लिहिली आणि आम्हाला सांगितलं, कोणी विचारलं तर तुम्ही पाहुणे. त्याला भीती कौन्सिलच्या तपासणीची होती, आम्हाला त्याची. पुढे याच धंद्यात पडल्यावर पहिल्यांदा स्लावचा तक्ता उघडला तेव्हा त्या चार माणसांची आठवण आली. ती गल्ली तक्त्यात फारच शांत दिसत होती.

ही आमच्या एकट्या घराची गोष्ट नव्हती. २००४ मध्ये पोलंड आणि पूर्व युरोपातले बाकीचे देश युरोपीय संघात आले, तिथली माणसं कामाला आली आणि स्लाव कौन्सिलने जाहीर भांडण सुरू केलं की सरकारी अंदाजात आमची माणसं धरलेलीच नाहीत. भांडणाचं कारण सरळ होतं. केंद्राचं अनुदान ठरवताना डोकी मोजतात. कचरा दहाजणांचा उचलायचा आणि पैसे आठांचे मिळायचे. २०१३ मध्ये तर कौन्सिलने उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेलं विमान गावावरून फिरवलं. परसातल्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये माणसं राहत असतील तर हीटिंगमुळे छप्पर उबदार दिसणार, असा हिशेब. सहा हजारांहून जास्त संशयित शेड सापडल्या. सगळ्यांत माणसं होती असं नाही, कुणाचा जिम असेल, कुणाचं धुण्याचं मशीन. तरी लंडनच्या इतक्या जवळ घरांची टंचाई किती आहे ते त्या एका उड्डाणात दिसलं.

२०२१ ची जनगणना २१ मार्चला झाली, कोविडच्या लॉकडाउनमध्ये. तिचा दोष वेगळा. ‘कामाला कसे जाता, किती लांब जाता’ या प्रश्नाची उत्तरं त्या दिवसापुरती खरी होती. पुष्कळजण घरून काम करत होते आणि हीथ्रो विमानतळाचे बरेच कर्मचारी फर्लोवर, म्हणजे सरकारी मदतीच्या पगारावर घरी बसून होते. ‘स्लावचे इतके टक्के लोक घरून काम करतात’ असं वाक्य कुठे दिसलं तर त्यावर घर घेण्याचा निर्णय करू नका.

वयाच्या बाबतीत स्लाव तरुण आहे, इंग्लंडमधल्या सर्वात तरुण कौन्सिलांपैकी. जवळजवळ चारात एक जण पंधरा वर्षांखालचा. त्याची चव रविवारी बागेत गेलं की कळते, झोपाळ्याला रांग असते. आशियाई वंशाचे ४६.७ टक्के, गोरे ३६ टक्के, कृष्णवर्णीय ७.६ टक्के. धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती ३२, मुस्लिम २९.४, शीख ११.३, हिंदू ७.८ टक्के. धर्माचा प्रश्न ऐच्छिक असतो, काहीजण तो कोराच ठेवतात. पण ‘४६.७ टक्के आशियाई’ हे वाचून आपल्याकडची मंडळी ‘चला, म्हणजे आपलेच’ म्हणतात, तिथे जरा थांबा. हा रकाना चारपाच वेगळ्या लोकांची मोट आहे. पन्नास-साठच्या दशकांत कारखान्यांत आलेले पंजाबी शीख आणि त्यांची नातवंडं, मीरपूर आणि पाकिस्तानी पंजाबातून आलेली कुटुंबं, पूर्व आफ्रिकेमार्गे आलेले गुजराती, आणि गेल्या वीस वर्षांतले व्हिसावरचे आयटीवाले. यातले शेवटचे म्हणजे तुम्ही. १९६५ ला जालंधरहून आलेल्या आजी आणि गेल्या वर्षी हिंजवडीतून आलेला मुलगा, दोघंही ‘भारतात जन्म’ या एकाच रकान्यात बसतात. एकीचं घर फेडून झालेलं, दुसऱ्याचा सहा महिन्यांचा करार. त्यांची सरासरी काढून हाती काय लागणार?

खरं तर या गावाला बाहेरून माणसं येण्याची सवय आशियाई येण्याआधीपासून आहे. तिसाच्या दशकात मंदीमुळे वेल्सच्या कोळसा भागातून बेकार माणसं इथे कामाला आली. युद्धानंतर पोलिश निर्वासित आले. लंडनने आपली जादा वस्ती ब्रिटवेल आणि लँगलीला वसाहती बांधून इकडे सरकवली. म्हणून २००४ नंतर आलेल्या पोलिश पोरांना गावात आधीपासूनच पोलिश आजोबा भेटले.

दाटीचा आकडा तुम्ही वाचलात तोही बरोबर आहे. लंडन सोडलं तर सर्वात जास्त दाटीच्या कौन्सिलांत स्लाव येतं. पण मोजण्याचा नियम माहीत असू द्या. नवराबायकोला एक खोली, २१ वर्षांवरच्या एकट्या माणसाला स्वतंत्र खोली, दहा वर्षांखालची दोन मुलं एका खोलीत चालतील, असं गणित असतं. दोन बेडरूमच्या घरात तुम्ही दोघं, लहान मुलगी आणि कायमच्या राहायला आलेल्या सासूबाई असलात की तक्त्यात तुमचं घर ‘दाटीचं’. तुम्हाला ते भरलेलं घर वाटेल. माझ्या त्या सातजणांच्या घराला मात्र कोणताही नियम लावा, दाटीच होती.

आता दिवसाचं गाव, आणि स्लावची गंमत इथे आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, सिपनमजवळच्या शेतजमिनीवर लष्कराने मोडक्या गाड्या दुरुस्त करायचं आवार काढलं. युद्ध संपलं, गाड्या पडून राहिल्या, लोक त्या जागेला ‘डंप’ म्हणत. १९२० मध्ये काही व्यापाऱ्यांनी जमीन आणि गाड्या एकत्रच विकत घेतल्या, गाड्या नीट करून विकल्या, आणि गाड्या संपत आल्यावर रिकाम्या शेड कारखान्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. तेच आजचं स्लाव ट्रेडिंग इस्टेट. आपल्या एमआयडीसीसारखंच, पण मालक सरकार नाही, एकच खासगी कंपनी. तिचं आजचं नाव सेग्रो. एका खासगी मालकाच्या ताब्यातली युरोपातली सर्वात मोठी औद्योगिक वसाहत म्हणून ती ओळखली जाते. रस्ते तिचे, एके काळी वीजघरसुद्धा तिचंच.

१९३२ मध्ये फॉरेस्ट मार्स यांनी इथेच मार्स चॉकलेट करायला घेतलं. कारखाना अजून चालू आहे, वारा फिरला की डंडी रोडच्या बाजूला कोकोचा वास येतो. आपल्या आज्यांनी ज्याच्या बाटल्यांमध्ये पुढे डाळी भरल्या त्या हॉर्लिक्सचा इंग्लंडमधला कारखानाही स्टेशनजवळच, १९०८ चा. तिथलं उत्पादन बंद झालं, चिमणी आणि लाल विटांची दर्शनी इमारत ठेवून आत आता फ्लॅट आहेत. तुम्हाला दाखवायच्या यादीत एजंट ते हमखास घालेल. डेटॉलवाल्या रेकिटचं मुख्यालय बाथ रोडवर. आणि इस्टेटीत आता एकामागून एक डेटा सेंटर उभी आहेत. डेटा सेंटरांच्या युरोपातल्या सर्वात मोठ्या समूहांपैकी एक इथे आहे. बिनखिडक्यांच्या करड्या पेट्या, बाहेर कुंपण, आत पंख्यांचा घोंघाट आणि पार्किंगमध्ये मोजून आठ गाड्या.

त्या आठ गाड्या लक्षात ठेवा. एखाद्या भागाचं उत्पादन मोजताना ते काम जिथे होतं तिथे मोजतात. मग त्याला भागतात तिथे राहणाऱ्या डोक्यांनी. टोकाचं उदाहरण सिटी ऑफ लंडनचं: राहणारे ८,६०० आणि कामाला येणारे पाच लाखांहून जास्त. दरडोई उत्पादन आकाशाला भिडतं, पण त्या ८,६०० जणांच्या खिशात ते नसतं. स्लावमध्ये तेच, जरा सौम्य. मुख्यालयातला मॅनेजर बीकन्सफील्ड किंवा विंडसरहून गाडीने येतो, त्याच्या कामाचं मोल स्लावच्या खात्यात, पगार मात्र संध्याकाळी हद्दीबाहेर. उलट स्लावमधला माणूस पहाटे चारला हीथ्रोला बॅगा चढवायला किंवा विमानात जेवण भरायला जातो, ती नोकरी हिलिंग्डनच्या खात्यात, कारण हीथ्रो त्या कौन्सिलच्या हद्दीत आहे.

म्हणून सरकारी पगाराचा तक्ता दोन प्रकारे निघतो: कामाच्या जागेनुसार आणि राहत्या जागेनुसार. हे दोन्ही आकडे नोमिस नावाच्या सरकारी साइटवर प्रत्येक कौन्सिलच्या पानावर एकाखाली एक दिलेले असतात, फुकट. मी कोणत्याही नव्या गावाचं प्रोफाइल करायला घेतलं की पहिल्यांदा हे दोन आकडे शेजारी ठेवतो. राहणाऱ्यांचा पगार जास्त असेल तर ते झोपायचं गाव, लोक बाहेर जाऊन कमावतात. कामाच्या जागेचा जास्त असेल तर चांगल्या नोकऱ्या गावात आहेत पण त्या गावकऱ्यांकडे नाहीत. स्लाव वर्षानुवर्षं दुसऱ्या प्रकारात मोडत आलंय. तुमचं कुटुंब फक्त राहणाऱ्यांच्या आकड्यात धरलं जाईल, तुम्ही स्लावमध्ये झोपाल आणि पॅडिंग्टनचा पगार आणाल.

त्याच पानावर बेकारीचा आकडा असतो, तो सर्व्हेचा. एका कौन्सिलच्या हद्दीत नमुना फार लहान असतो. एका वर्षी ४ आणि पुढच्या वर्षी ६ टक्के दिसलं तर ती वाढ असेलच असं नाही. आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याची मर्यादा सोबत दिलेली असते, ती कोणी वाचत नाही. नगरसेवक तर नाहीच.

तिसरी मंडळी म्हणजे कौन्सिल. २ जुलै २०२१ ला स्लावने ‘कलम ११४’ ची नोटीस काढली. १९८८ च्या कायद्यातलं हे कलम. मुख्य वित्त अधिकारी लेखी सांगतो की यंदाचा खर्च यंदाच्या पैशांत बसत नाही, आणि त्या क्षणापासून नवा खर्च बंद. वर्तमानपत्रं याला दिवाळखोरी म्हणतात. कंपनीसारखी इथे जप्ती येत नाही. कचरा उचलला जातो, अपंगांची आणि वृद्धांची कायद्याने बांधलेली मदत चालू राहते, शाळांचा पैसा तर वेगळ्याच खात्यातून येतो. कापलं जातं ते बाकीचं: वाचनालयांचे तास, बागा, तक्रार केल्यावर फोन उचलणारं माणूस. स्लावचं दुखणं जुनं होतं. ७६ कोटी पौंडांचं कर्ज, त्याची परतफेड म्हणून दरवर्षी बाजूला काढायची रक्कम वर्षानुवर्षं कमी धरलेली, आणि मागच्या काही वर्षांचे हिशेब तपासूनच झालेले नव्हते. डिसेंबर २०२१ पासून केंद्राने वर आयुक्त बसवले, जमिनी-इमारती विकायला काढल्या.

‘इतके कारखाने असताना पैसा कसा नाही?’ हा प्रश्न मला प्रत्येक मराठी घरात चहाबरोबर येतो. कारण धंद्यांवरचा कर, बिझनेस रेट्स, कौन्सिल आपल्या मर्जीने ठेवू शकत नाही. दर केंद्र ठरवतं. २०१३ पासून साधारण निम्मा वाटा स्थानिक धरतात, आणि त्यातूनही ज्यांच्याकडे गरजेपेक्षा जास्त जमतो त्यांचा काढून इतरांना देतात. कौन्सिलच्या हातात खरा उरतो तो घरांवरचा कौन्सिल टॅक्स. तो अजूनही एप्रिल १९९१ च्या किमतींवर ठरलेल्या गटांनुसार घेतात, आणि तो मालक नाही, भाडेकरू भरतो, हे बजेटमध्ये धरा. एरवी कौन्सिलला जनमत न घेता वर्षाला ४.९९ टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. स्लावला २०२३ मध्ये ९.९९ आणि २०२४ मध्ये ८.५ टक्क्यांची खास परवानगी मिळाली.

‘मग विंडसरकडेच बघू’ असं म्हणाल. लंडनबाहेरचा सर्वात कमी टॅक्स म्हणून ते कौन्सिल बरीच वर्षं मिरवलं. कमी टॅक्स घेऊन घेऊन तिजोरी अशी झाली की २०२५ साठी त्यांनी केंद्राकडे २५ टक्के वाढ मागितली आणि ८.९९ मिळाली. माझ्या धंद्यात अशा बातमीला हसायची पद्धत नाही, पण त्या दिवशी ऑफिसात हसू फुटलं होतं.

शाळांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. स्लावमध्ये चार ग्रामर शाळा आहेत, अकराव्या वर्षी प्रवेश परीक्षा. त्यांच्यामुळे गावाचे दहावीचे निकाल छान दिसतात. हे निकाल शाळा जिथे आहे त्या हद्दीत मोजले जातात, मूल कुठे राहतं त्यानुसार नाही. हाउन्सलोहून, ईलिंगहून रोज ट्रेनने आणि बसने येणारी हुशार पोरं स्लावच्या टक्केवारीत धरली जातात. म्हणून सरासरी बघून हुरळू नका, आणि क्लासवाल्यांना तर ही टक्केवारी दाखवूच देऊ नका. तुमच्या घराजवळच्या बिगर-ग्रामर शाळेचा निकाल वेगळा काढून बघा.

घराचं म्हणाल तर कौन्सिलची सरासरी सोडून खाली उतरा. जनगणनेचे आकडे हजार ते तीन हजार माणसांच्या तुकड्यांचेही मिळतात. सिपनम, लँगली, चाल्वी, ब्रिटवेल, कोलनब्रूक ही एकाच कौन्सिलची पाच गावं आहेत. कोलनब्रूकवरून विमानं किती खाली जातात ते कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नाही, ते जाऊन ऐकावं लागतं. सिपनमला देऊळ चालत जाण्यासारखं आहे. पॅडिंग्टनसाठी स्लाव, बर्नहॅम किंवा लँगली यांपैकी एका स्टेशनाजवळ राहा. एलिझाबेथ लाइन तिन्हींना थांबते, जलद गाड्या मात्र फक्त स्लावला.

भाडेकरार सही करण्याआधी एका साध्या मंगळवारी सकाळी साडेसातला स्लाव स्टेशनवर जा. लंडनच्या बाजूच्या फलाटावर पाठीला लॅपटॉपची बॅग अडकवलेली माणसं दिसतील, निम्मी फोनवर मराठी, तेलुगू, हिंदी बोलत. मग लंडनहून गाडी येईल. तिच्यातून गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेली दुसरी माणसं उतरतील आणि बाथ रोडच्या बसकडे चालू लागतील. पुलावर उभं राहून दोन्ही रांगा पाचेक मिनिटं मोजा आणि आकडे मला कळवा, मलाही नोमिसशी ताडून बघायचे आहेत.